लोरेन्झाच्या लग्नाचं पिंप

१९ सप्टेंबर

द्राक्षांचा ट्रक आज आला. दरवर्षीसारखा सभागृहामागच्या मोकळ्या जागेत उभा राहिला आणि दरवर्षीसारखे आमच्या ट्रेल गावातले सगळे इटालियन म्हातारे त्याच्याभोवती घोंघावायला लागले. बेप्पीने पहिलं खोकं फोडलं, काळाभोर घोस उचलला आणि थेट माझ्या नाकाखाली धरला. "बोल ओताव्हियो, कसा काय माल?"

सगळ्यांचे हात थांबले. या गावात चाळीस वर्षं असंच चालत आलंय. ओताव्हियोने हुंगायचं, मग बाकीच्यांनी खोकी उचलायची.

मी डोळे मिटले, लांब श्वास घेतला, हवा तेवढा वेळ खाल्ला आणि म्हणालो, "गेल्या वर्षीपेक्षा बरा." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि खोक्यांवर तुटून पडले.

मला कसलाही वास आला नव्हता. घोसाऐवजी त्याने वीट धरली असती तरी मी हेच म्हणालो असतो.

म्हणून ही वही काढली. माझं हे वय काही दैनंदिनी लिहायचं नाही, पण बोलणार कुणाशी? इल्दाला सांगितलं तर ती रडेल. बेप्पीला सांगितलं तर संध्याकाळच्या आत गावभर होईल. फेब्रुवारीत दारासमोरच्या बर्फावरून घसरलो आणि डोक्याची मागची बाजू पायरीवर आपटली. टेंगूळ उतरलं, पण नाक गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाला, कधी परत येतं, कधी नाही. घरी येऊन मी सांगितलं, सगळं ठणठणीत आहे.

नाकाबरोबर चवही गेली. इल्दाचा टोमॅटोचा सॉस म्हणजे गरम चिखल. कॉफी म्हणजे नुसतं कडू पाणी.

हे सगळं मी गिळून बसलो असतो. पण जूनमध्ये लोरेन्झाचं लग्न आहे. माझी नात, माझ्या तळघरात लहानाची मोठी झालेली पोर. नवऱ्या मुलाचा बाप, तो हॅलोवे, ओकानागनच्या खोऱ्यात द्राक्षमळा बाळगून आहे. स्वतःची वाइन बाटल्यांत भरून विकतो. जानेवारीत त्याने सांगून टाकलं, लग्नाची सगळी वाइन त्याच्याकडून. तर आमची ही पोर म्हणाली, "माझ्या लग्नात माझ्या नोन्नोची वाइन असेल. नसेल तर मी लग्नच करत नाही." तेव्हा मला, म्हणजे तिच्या आजोबाला, केवढी ऐट वाटली होती. तेव्हा नाक होतं.

आता मोठं पिंप भरून वाइन करायची आहे, आणि ती बरी झाली की वाईट, हे मला कळणारच नाही.

२७ सप्टेंबर

द्राक्षं चिरडून झाली, रस उसळतोय. या दिवसांत घरभर असा वास असतो की शेजारची मांजरंसुद्धा झिंगतात. इल्दा म्हणाली, "डोकं चढलं बाई या वासानं." मीही लगेच कपाळाला हात लावून म्हणालो, "यंदा जरा जास्तच आहे नाही?" ती माझ्याकडे बघत राहिली.

आजकाल तिचं काहीतरी बिनसलंय. माझ्या ताटातलं आधी स्वतः चाखते. दुधाच्या कपाला नाक लावते आणि मग माझ्यापुढे सरकवते. पन्नास वर्षांच्या संसारात असं कधी केलं नाही, म्हातारपणी बाई हावरट झाली. गेल्या महिन्यात चांगली चालती गॅसची शेगडी काढून विजेची आणली. का, तर म्हणे पुसायला सोपी.

माझ्या डोक्याला माझं पुरेसं आहे.

५ ऑक्टोबर

बेप्पी सकाळीच आला. आम्ही दोघांनी चोथा पिळला आणि वाइन पिंपात भरली. आम्ही दोघं कारखान्यात एकाच पाळीला होतो, त्यामुळे काम करताना बोलायची गरज पडत नाही, पण बेप्पीला ते कोण सांगणार? "हॅलोवेला दाखवून दे," तो म्हणाला. "पांढरे हातमोजे घालून वाइन करतात ती माणसं. त्यांना म्हणावं, हे बघा, ही आमच्या ओताव्हियोच्या नाकाने केलेली."

"बास झालं रे," मी म्हणालो.

"का? लाजतोस काय?"

मी पिंपाचं बूच ठोकून बसवलं आणि त्याला वर जेवायला नेलं.

आज इल्दाचा काचा घासायचा दिवस. ग्लास, बरण्या, माझा चष्मासुद्धा. इथल्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरशिवाय निघत नाहीत, असं तिचं म्हणणं. मी फक्त एक अट घातलेली आहे, लग्नाच्या वर्षापासून: व्हिनेगरची बाटली तळघराची पायरी उतरणार नाही. वाइनच्या घरात व्हिनेगर म्हणजे शत्रू आणि तो शत्रू हवेतून चालत येतो. माझ्या बापानेही हेच पाळलं. ती बिचारी पाळत आली.

जेवताना सॅलडचा पहिला घास घेतला आणि माझे दात आंबले. "बाटली उपडी केलीस की काय?" मी म्हणालो.

इल्दाचा काटा हवेतच थांबला. "आंबट लागलं तुला?"

"मग काय गोड लागणार?"

यावर ती अख्खं जेवण होईपर्यंत हसत होती. बेप्पीला आणखी वाढलं, मला आणखी वाढलं. बायकांना कशाचा आनंद होईल सांगता येत नाही.

१३ ऑक्टोबर

काल थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे आले होते. लोरेन्झा, तिचा डेरिक आणि खुद्द हॅलोवे. माणूस वाईट नाही, नुसता शिष्ट आहे. टर्की खाता खाता म्हणाला, "आम्ही मोजल्याशिवाय काही करत नाही. साखर मोजतो, आंबटपणा मोजतो. आंबटपणा तर फारच महत्त्वाचा. जास्त झाला तर घशाला ओरखडा, कमी झाला तर वाइन मिळमिळीत, आणि टिकतही नाही. तुम्ही काय मोजता?"

"नोन्नो मोजत नाही," लोरेन्झाच मधे बोलली. "नोन्नो हुंगतो."

सगळे हसले. मीही हसलो. टर्की पुठ्ठ्यासारखी लागत होती.

पण सकाळपासून डोक्यात तेच घोळतंय. मोजता येतं. नाक नसलेल्या माणसालाही मोजता येतं. काचेला काय, ती सर्दी झालेल्यालाही खरं सांगते.

२१ ऑक्टोबर

आंबटपणा मोजायची पेटी आणली. आपल्या गावातल्या दुकानातून नाही, कॅसलगारला जाऊन. इथल्या दुकानदाराने विचारलं असतं, ओताव्हियो, तुला कशाला हे? मग काय, पुतण्यासाठी म्हणून सांगायचं? मला पुतण्या नाही हे त्याला माहीत आहे.

पेटीत एक बारीक काचेची नळी, सुईशिवायची सिरिंज, क्षाराची बाटली आणि रंग दाखवणारे थेंब. कारखान्यात मी तीस वर्षं आम्लाच्या टाक्यांवर काढली, पण तिथे आमचं काम व्हॉल्व्ह फिरवायचं. मोजायला दुसरी माणसं असत. घरी येऊन दोन चष्मे एकावर एक लावून कागद वाचला. नळीत थोडी वाइन घ्यायची, थेंब टाकायचे, मग सिरिंजने क्षार सोडत जायचा आणि हलवायचं. रंग गुलाबी होऊन टिकला की थांबायचं. जितका क्षार लागला तितका आंबटपणा. कोवळ्या वाइनमध्ये गॅस असतो, तो उडवायला आधी वाइन कोमट केली. एवढी अक्कल होती.

आता लाल वाइन गुलाबी कशी होणार, हे त्या कागदाने सांगितलं नाही. ती आधी जांभळट झाली, मग राखाडी, मग एकदम गढूळ हिरवी. गुलाबी कुठेच नाही. मी राखाडी झाली तेव्हाचा आकडा धरला: लिटरला साडेसहा ग्रॅम. चांगला आकडा आहे, कागद म्हणतो तसा. पण गुलाबी न होता आलेला आकडा कसला? मी दुकानात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, लाल वाइनमध्ये गुलाबी दिसत नाही, आजोबा. पाणी घालून फिकी करा आणि राखाडी-हिरवी झाली की थांबा.

म्हणजे नीट मोजायला हवं. नळी वर मोरीत धुतली, आणि विसरून तिथेच ठेवली.

२५ ऑक्टोबर

खाली उतरलो तर नळी फळीवर आपल्या जागी उभी. आणि अशी चकचकीत की दागिन्याच्या दुकानात ठेवावी. इल्दाने ठेवली असणार. तिला वाटलं असेल माझ्या कसल्यातरी औषधाची. काही विचारलं नाही, देव पावला. तिला खरं तर तळघराची पायरी उतरायलाही आवडत नाही, गुडघे दुखतात. आजकाल मात्र वारंवार येऊन जाते, उगाच इकडेतिकडे नाक वर करून बघते आणि वर जाते.

आज पाणी घालून, दुकानदार म्हणाला तसं मोजलं. नऊ पूर्णांक चार.

मी आकडा पुन्हा बघितला. नऊ पूर्णांक चार. एवढ्या आंबट वाइनने हॅलोवेचे दात पडतील. म्हणजे पहिला आकडा नवशिक्याची चूक होती आणि हा खरा.

एक घोट घेऊन बघितला. मला तर नेहमीसारखाच आंबट लागला, दरवर्षी या दिवसांत लागतो तसा. पण माझ्या जिभेचं काय घेऊन बसायचं? ती फेब्रुवारीतच मेली. आता जे लागतं ते सवयीने लागत असणार.

२९ ऑक्टोबर

नऊ पूर्णांक सात. नळी पुन्हा लखलखीत पुसून ठेवलेली होती. एवढी स्वच्छ नळी असताना चूक व्हायला जागाच नाही.

जेवणावर मन नव्हतं. इल्दा म्हणाली, "तुला मला काही सांगायचंय का?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही."

"नाही," मी म्हणालो. ती भांडी आवरायला उठली आणि जरा जास्तच आवाज करत आवरली.

२ नोव्हेंबर

मेलेल्यांचा दिवस. स्मशानात फुलं वाहून आलो. बापाच्या थडग्यापाशी उभा राहिलो, पण त्यालाही सांगायचा धीर झाला नाही.

फाटकात बेप्पीने गाठलं. "सान मार्तीनोला काय? ठरल्याप्रमाणे ना? या वर्षी माझी वाइन अशी झालीय की तुझं नाक वाकडं होईल." अकरा तारखेला, सान मार्तीनोच्या सणाला, सगळे आपापली नवी वाइन घेऊन माझ्या तळघरात जमतात. मी एकेकाची हुंगतो, चाखतो आणि काय ते सांगतो. कुणी रुसतं, कुणी मिरवतं. मग पिंप उघडतं आणि चेस्टनट भाजतात.

"ठरल्याप्रमाणे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पुन्हा कॅसलगारला गेलो. आंबटपणा मारायची पावडर आणली. दुकानदाराने हिशोब करून दिला, नऊवरून साडेसहावर आणायला एवढ्या पिंपाला इतकी. "एकदा घातली की काढता येत नाही हं," तो म्हणाला. आमटीत मीठ जास्त झालं तर बटाटा टाकता येतो. इथे तेही नाही. म्हणून आणखी एकदा मोजून मगच घालायची असं ठरवलं.

४ नोव्हेंबर

नऊ पूर्णांक पाच.

तीनदा तेच. आता काय शंका घ्यायची? शनिवारी इल्दा बाजारात गेली की घालून टाकतो. लोरेन्झाच्या लग्नात लोकांनी तोंड वाकडं करण्यापेक्षा हे बरं. रात्री झोप नाही. लग्नात हॅलोवे पेला उचलतोय आणि लोरेन्झा माझ्याकडे बघतेय, एवढंच दिसत राहतं.

७ नोव्हेंबर

आज लिहायलाच हवं.

सकाळी दार लागल्याचा आवाज ऐकला, इल्दा गेली असं समजून खाली उतरलो. पिंपातून बादलीभर वाइन काढली. पावडर तोलून कागदावर ठेवली. ती आधी बादलीत विरघळवायची आणि मग पिंपात ओतायची. म्हटलं, मनाच्या समाधानासाठी शेवटचं एकदा मोजू. फळीवरची नळी हातात घेतली तोच लोरेन्झा धाडधाड पायऱ्या उतरत आली. आमंत्रणाचे नमुने दाखवायला नेल्सनहून आली होती, दार वाजलं होतं ते तिचं, आणि इतका वेळ ती वर इल्दापाशी होती.

"नोन्नो, हे काय? थर्मामीटर?" तिने माझ्या हातातली नळी घेतली आणि सरळ नाकाशी नेली. ही सवय माझीच. या तळघरात हाताला येईल ते आधी हुंगायचं, असं मीच तिला चार वर्षांची असताना शिकवलं.

तिने तोंड वाकडं केलं. "शी. व्हिनेगर."

मी खोक्यावर बसलो. त्या नळीत वाइनशिवाय काही गेलं नव्हतं. म्हणजे माझ्या पिंपातल्या वाइनचं व्हिनेगर झालं होतं. म्हणूनच आकडा नऊच्या वर. गावभर वास सुटला असेल आणि मी आपला पावडर तोलत बसलोय.

"पिंप गेलं," मी म्हणालो. "हॅलोवेला सांग, त्याचीच वाइन आण म्हणावं. माफ कर पोरी."

"कोण म्हणतं पिंप गेलं?"

"तूच म्हणालीस ना, व्हिनेगर."

"अरे, नळीला वास येतोय. केवढा भपकारा आहे. तुला येत नाहीये?" आणि मग तिचा आवाज बदलला. "नोन्नो, तुला वास येत नाहीये?"

खोटं बोलायची इतकी सवय झाली होती की तोंड उघडलंही. पण तिने नळी माझ्या नाकाखाली धरली होती, आणि मला नुसती काच दिसत होती.

"नाही," मी म्हणालो. "कशाचाच नाही. फेब्रुवारीपासून."

तिने नळी खाली ठेवली. पिंपाकडे गेली, बूच काढलं, खाली वाकून हुंगलं. पेला भरला, हुंगला, घोट घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, निकाल ऐकायला उभा राहिलेला कैदी बघतो तसा.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. "चांगली आहे. चेरीचा वास आहे, आणि थोडा मिरीचा."

"नीट बघ."

"नीटच बघितलं."

"बादलीतली बघ."

तिने बादलीतली बघितली. मी तिला पुन्हा पिंपातली बघायला लावली. शेवटी ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तूच शिकवलंस ना मला? मग विश्वास ठेव की. वाइन स्वच्छ आहे. व्हिनेगर फक्त नळीत आहे."

"नळीत कुठून येणार? या तळघरात व्हिनेगर येत नाही."

"मी आणलं," वरून आवाज आला.

इल्दा जिन्याच्या मध्यावर उभी होती, बाजाराची पिशवी हातात. बाजारात गेलेलीच नव्हती. "ती नळी तू दर वेळी माझ्या मोरीत टाकून जातोस. पांढरे डाग पडलेले. फडकं आत जात नाही, म्हणून व्हिनेगर भरून ठेवायचे आणि ओतून फळीवर ठेवायचे. मला वाटलं, एवढं लपूनछपून मोजतोय तर निदान भांडं स्वच्छ असावं."

"धुतली नाहीस नंतर?"

"धुऊन परत डाग पाडू?"

तळाशी राहिलेले थेंब. मी त्यांना पाणी समजत होतो आणि त्यावरच वाइन ओतत होतो. नाक असलेल्या कुठल्याही माणसाने ती नळी हातात घेताच फेकून दिली असती. नाक नसलेला एकच शहाणा होता आणि त्याच्यामुळे माझ्या नातीच्या लग्नाची वाइन आज मिळमिळीत होणार होती. पावडर कागदावर तशीच होती. लोरेन्झाने ती उचलली आणि कचऱ्यात टाकली.

मग तिने नळी उकळत्या पाण्याने धुतली, इल्दाच्या डागांची पर्वा न करता, आणि आम्ही तिघांनी मिळून मोजलं. लोरेन्झा क्षार सोडत होती, मी हलवत होतो, इल्दा रंग बघत होती. सहा पूर्णांक सहा. पहिल्या दिवशीचा आकडा बरोबर होता.

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, ते काही थांबेना. एवढं हलकं मला फेब्रुवारीपासून वाटलं नव्हतं. इल्दाने पदरानं पुसावं तसं ॲप्रनने माझं तोंड पुसलं.

"मला मार्चपासून माहीत आहे," ती म्हणाली. "नासलेलं दूध घटाघट प्यायलास आणि म्हणालास, छान होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"मी वाट बघत होते तू सांगशील म्हणून. तुला नाक गेल्यापेक्षा गावाला कळण्याची भीती जास्त. म्हटलं राहू दे." ती खोक्यावर माझ्या शेजारी टेकली. "आणि जीभ मेली म्हणून काय सांगत असतोस स्वतःला? तुझी जीभ ठणठणीत आहे. सॅलड आंबट झालं तर तुला माझ्याआधी कळतं. मी डॉक्टरला विचारून आलेय. वास नाकाचा. आंबट, खारट, गोड, कडू हे सगळं जिभेचं. तुझं निम्मंच गेलंय, आणि तू पूर्ण गेल्यासारखा तोंड पाडून फिरतोस."

मी पेला उचलला आणि घोट घेतला. जिभेच्या दोन्ही कडांना आंबट लागलं, नीट, हवं तेवढं. पंचवीस ऑक्टोबरलाही असंच लागलं होतं आणि मी जिभेला खोटं ठरवून काचेवर विश्वास ठेवला. वर जाऊन आम्ही तिघं जेवलो. सॉस अजूनही चिखलच लागला, पण मीठ बरोबर होतं, हे मी इल्दाला सांगितलं.

११ नोव्हेंबर

सान मार्तीनो. तळघर भरून माणसं. सकाळपासून मला सांगायचं कसं याचीच धास्ती होती. शेवटी बेप्पीने आपली बाटली माझ्यापुढे धरली तेव्हा म्हणालो, "मला वास येत नाही. फेब्रुवारीत पडलो तेव्हा नाक गेलं. जीभ आहे."

कोपऱ्यात चेस्टनट तडतडत होते.

मग बेप्पी म्हणाला, "तरीच. माझी उन्हाळ्यात खराब झालेली डुकराच्या मांसाची सलामी तुला आवडली होती. मी म्हटलं, याला झालंय काय?"

"आणि तरी तू मला ती खाऊ घातलीस?"

"तू मागून घेतलीस."

सगळे असे हसले की मला बसावं लागलं. माझी एवढी भीती, आणि लोकांनी ती चेस्टनटच्या सालांबरोबर खाली टाकून दिली. लोरेन्झा माझ्या शेजारी उभी राहिली. प्रत्येक बाटली तिने हुंगायची, मी चाखायची. बेप्पीच्या वाइनला ती म्हणाली, "ओल्या लाकडाचा वास." मी म्हणालो, "आणि आंबटपणा कमी." बेप्पी रुसला. म्हणजे सगळं नेहमीसारखंच झालं.

१४ जून

लग्न काल झालं. आज पाय इतके सुजलेत की बूट चढत नाहीत, म्हणून खुर्चीत बसून लिहितोय.

सभागृहात दोनशे माणसं. इल्दाच्या बहिणींनी केलेला पास्ता, कोंबडी, मटणाचे तुकडे. पिंप मी आणि बेप्पीने सकाळीच नेऊन दारापाशी मांडलं होतं. पहिला पेला हॅलोवेला दिला. इतके महिने याचीच भीती होती. त्याने पेला फिरवला, हुंगला, घोट घेतला, तोंडात घोळवला. चेहऱ्यावर काहीच नाही.

"आंबटपणा किती आहे?" त्याने विचारलं.

"साडेसहाच्या आसपास."

"मोजलात?"

"मोजला," मी म्हणालो. "पण जिभेने आधी सांगितलं होतं."

तो हसला, पेला रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला. "आणखी द्या." एवढंच. मी भरून दिला. त्याच्या मागे रांग लागली आणि पहिला तासभर मला पिंपापासून हलता आलं नाही. उभा होतो, भरत होतो, आणि छातीवरचं ओझं उतरत होतं.

नाचगाणं सुरू झालं तेव्हा लोरेन्झा आली. पांढरा पोशाख हातांनी वर धरून, घामाघूम. माझ्या हातातला पेला घेतला, नाकाशी नेला आणि माझ्या कानाशी वाकली. "चेरी," ती म्हणाली. "मिरी. थोडं लाकूड. आणि तुझ्या तळघराचा वास." मग पेला माझ्या हातात दिला आणि मी प्यायलो. तिचे शब्द कानात होते आणि वाइन जिभेवर. पूर्वीसारखं नव्हतं. पण माझी वाइन कशी आहे, हे मला कळलं. इतकं पुरे झालं, खरंच पुरे झालं.

केक कापायच्या आधी बेप्पी माझ्याकडे धावत आला. "ओताव्हियो, पिंपाच्या नळातून वाइन येत नाहीये."

मी पिंप कलतं केलं, बोटांनी वाजवलं. आतून पोकळ आवाज आला. तळाशी गाळ तेवढा, वाइनचा थेंब नाही. पलीकडे हॅलोवेची अर्धी माणसं रिकामे पेले घेऊन उभी होती आणि इल्दा हातवारे करून त्यांना सांगत होती की संपली, सगळी संपली. माझ्या आयुष्यात इतकी गोड बातमी कुणी दिली नव्हती.

"आता यांना काय द्यायचं?" बेप्पी म्हणाला.

"हॅलोवेच्या गाडीत त्याच्या वाइनच्या पेट्या आहेत," मी म्हणालो. "त्या आण." आणि खुर्ची ओढून नातीचं नाचणं बघत बसलो.